अकरा फेब्रुवारीचा खोकला

खोकलेराव हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण बाजारातल्या निम्म्या लोकांना ते आडनावच वाटायचं, आणि उरलेल्या निम्म्यांना खरं आडनाव ठाऊक असूनही ते वापरायची वेळ कधी आली नव्हती. किल्ल्यांचं दुकान कुठे म्हणून कोणी विचारलं की उत्तर यायचं, "खोकलेरावांचं ना? चपलांच्या दुकानाच्या जिन्याखाली." जिन्याखालच्या त्या तिरक्या खबदाडात उंच माणसाला धड उभंही राहता आलं नसतं. खोकलेराव मुळातच बुटके, त्यामुळे जागा त्यांना मापाने शिवल्यासारखी बसली होती.

दुकानात भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, एक किल्ली कापायचं यंत्र, कानशींनी भरलेला बिस्किटांचा जुना डबा आणि वर फळीवर रेडिओ. गिऱ्हाईक यायचं, घराची किल्ली त्यांच्या हातात द्यायचं आणि तिथेच फसायचं. एकदा किल्ली यंत्राच्या चिमट्यात आवळली गेली की ती सोडून माणूस जाणार कुठे? आणि गिऱ्हाईक कुठे जात नाही याची खात्री पटली की खोकलेराव विचारायचे, "मखमल ऐकलाय का कधी?"

आता मखमलला ऐकलं नाही असं कोण होतं? पोस्टरवर त्याचं खरं नाव असायचं, पण लोकांनी त्याच्या आवाजाला हात लावून पाहिल्यासारखं हे नाव ठेवलं होतं. तीस वर्षांपूर्वी, अकरा फेब्रुवारीला, इथल्याच मोठ्या थिएटरात त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. शेवटचं गाणं निरोपाचं. त्यातल्या शेवटच्या ओळीआधी तो थांबला. गायक थांबतातच, पण हा इतका थांबला की वाजवणारे एकमेकांकडे पाहू लागले. सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं. आणि त्या शांततेत कोणीतरी खोकलं. मखमल किंचित हसला आणि त्याने शेवटची ओळ म्हटली, ती अशी की भलेभले रुमाल शोधू लागले. त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली, घराघरात गेली, आणि तिच्याबरोबर तो खोकलाही घराघरात गेला.

"तो खोकला," खोकलेराव यंत्र थांबवून म्हणायचे, "माझा."

यंत्र थांबवायची काही गरज नसायची. पण इतिहास काय घरघर आवाजात सांगायचा असतो?

खोकला तसा लहानसाच होता. आधी एक दबलेला, रुमालात कोंबलेला. मग दुसरा, पहिल्याची माफी मागायला आलेला. आणि शेवटी अगदी बारीक असं 'खुं'. या 'खुं'वर खोकलेरावांचा फार जीव. एका वर्तमानपत्रात कोणीतरी लिहिलं होतं की त्या खोकल्यात एका सबंध पिढीचा कंठ दाटून आला आहे. वास्तविक खोकलेरावांना त्या दिवशी सर्दी झाली होती. पण पिढीचा कंठ म्हटल्यावर सर्दीचा उल्लेख त्यांनी हळूहळू गोष्टीतून गाळून टाकला.

माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. कोणाचा मुलगा परदेशात असतो, कोणाचा बंगला असतो, काहीच नसेल तर निदान एखादा नामांकित आजार तरी असतो. खोकलेरावांकडे हा खोकला होता. दुसरं काही नव्हतं, आणि दुसरं काही हवं असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. मुलीने तर तो कापून घेऊन त्यांच्या मोबाइलची रिंग म्हणून लावून दिला होता. फोन आला की त्यांच्या खिशातून खोकला यायचा आणि बसमध्ये शेजारचा माणूस खिडकी उघडून द्यायचा.

रेडिओवर रोज सकाळी 'आजच्या दिवशी' नावाचा कार्यक्रम लागायचा. आजच्या तारखेला गाण्याबजावण्याच्या जगात काय काय घडलं, ते निवेदिका सांगायची. कोण जन्मलं, कोणाची रेकॉर्ड गाजली, कुठल्या बँडमध्ये भांडणं होऊन चार तोंडं चार दिशांना गेली. खोकलेरावांचं सगळं कॅलेंडर त्यावर चालायचं. मुलीचा वाढदिवस म्हणजे त्यांच्या लेखी एक ड्रमवाला वाजवता वाजवता स्टेजवरून पडला तो दिवस. लग्नाचा वाढदिवस म्हणजे दोन गायक भावांनी एकमेकांशी बोलणं सोडलं तो दिवस. हे त्यांनी एकदा बायकोला कौतुकाने सांगितलं होतं, आणि तिने ते अजून लक्षात ठेवलं होतं.

पण सगळ्या वर्षात दिवस एकच. अकरा फेब्रुवारीला दुकान उशिरा उघडायचं. खोकलेराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसायचे. शेजारीपाजारी जमायचे. निवेदिका म्हणायची, "आजच्या दिवशी मखमलने आपला निरोप घेतला," आणि ते गाणं सुरू व्हायचं. गाणं शेवटच्या कडव्यावर आलं की खोकलेराव एक बोट वर करायचे. आणि दर वर्षी, न चुकता, नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातला नळ धो धो वाहू लागायचा.

"अगं, नळ बंद कर," खोकलेराव ओरडायचे.

नळ बंद व्हायचा तो गाणं संपल्यावर. मग बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायची. डोळे ओले, पदराने तोंड पुसत. खोकलेराव म्हणायचे, "जगाला कौतुक आहे, घरात किंमत नाही." शेजारी माना हलवायचे आणि चहा प्यायचे.

बायको सार्वजनिक ग्रंथालयात कामाला होती. वाचकांनी गप्प बसावं म्हणून ओठांवर बोट ठेवायचं, पुस्तकं लावायची आणि दिवसभर गालात खोकल्याची एक गोळी धरायची, असा तिचा दिवस जायचा. जुन्या पुस्तकांची धूळ घशात जाते, असं खोकलेराव लोकांना सांगायचे. खोकल्याच्या बाबतीत घरात अधिकारवाणीने बोलणारे ते एकटेच होते.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एक दिवस गालाला सूज आलेलं एक गिऱ्हाईक दुकानात आलं. किल्ली चिमट्यात आवळली गेली, आणि खोकलेरावांनी विचारलं, "मखमल ऐकलाय का कधी?"

"ऐकलाय की," गिऱ्हाईक सुजलेल्या गालातून म्हणालं. "आत्ताच डॉक्टरांनी सगळं सांगितलं. तो खोकला त्यांचाच ना."

यंत्र आपोआप थांबलं. म्हणजे खोकलेरावांचा हात बटणावर पडला. "कुठले डॉक्टर?"

"दातांचे. बाजाराच्या त्या टोकाला. काय सांगतात हो गोष्ट."

त्या गिऱ्हाइकाची किल्ली पुढे कुठल्याच कुलपाला लागली नाही.

खोकलेरावांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी उठून ते डॉक्टरांना जाब विचारायला निघाले. पण भांडण हा त्यांचा प्रांत नव्हता. जन्मभर त्यांनी कुलपांशीसुद्धा गोडीगुलाबीने वागून काम काढून घेतलं होतं. दवाखान्याच्या दारात आतल्या बाईंनी "काय होतंय?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "दात दाखवायचाय."

डॉक्टर उंच, हसरे आणि बोलके होते. त्यांनी खोकलेरावांना खुर्चीत आडवं केलं, तोंडावर दिवा सोडला आणि म्हणाले, "आ करा. अजून. छान. अरे वा, दाढ चांगलीच किडलीय की. वेळेवर आलात."

खोकलेरावांना दाढ किडल्याचा पत्ताच नव्हता. ते काही बोलणार एवढ्यात डॉक्टरांनी दोन्ही गालांत कापसाचे बोळे भरले, जिभेखाली नळी अडकवली आणि यंत्र सुरू केलं. मग ते खाली वाकून प्रेमाने म्हणाले, "मखमल ऐकलाय का कधी?"

अगदी हेच शब्द. खोकलेरावांचे डोळे विस्फारले.

"तीस वर्षं होतील आता. अकरा फेब्रुवारी. मी कॉलेजात होतो. बाल्कनीत, खांबामागे जागा मिळाली होती."

"ओ आआ," खोकलेराव म्हणाले. तो माझा, असं त्यांना म्हणायचं होतं.

"दुखतंय? दुखलं की डावा हात वर करा."

खोकलेरावांनी दोन्ही हात वर केले.

"एकच पुरे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी गोष्ट पुढे नेली. मखमल कसा थांबला, थिएटर कसं स्तब्ध झालं, घशात कसं काहीतरी दाटून आलं. मोक्याच्या जागी त्यांनी आपलं यंत्र थांबवलं. "तो खोकला," ते म्हणाले, "माझा."

किल्ली अडकलेल्या गिऱ्हाइकाला काय वाटत असेल, हे खोकलेरावांना त्या खुर्चीत पहिल्यांदा कळलं. पण त्या ज्ञानाचा त्या क्षणी काही उपयोग नव्हता.

चूळ भरल्याबरोबर ते उठून बसले. "तो खोकला माझा आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. पाचवी रांग, मधली खुर्ची. बाल्कनीतला खोकला माइकपर्यंत येतो होय?"

"माइक वरसुद्धा टांगलेले होते. आणि 'खुं' येतं का तुम्हाला?"

खोकलेराव खोकले. त्यावर डॉक्टर खोकले. मग दोघंही एकमेकांना सुधारून दाखवण्यासाठी पुन्हा पुन्हा खोकू लागले, तशा बाहेरच्या बाई पाण्याचे दोन ग्लास घेऊन धावत आल्या, आणि बाकड्यावर थांबलेले दोन पेशंट नाकाला रुमाल लावून निघून गेले.

खोकलेराव तणतणत दाराशी पोचले तेव्हा डॉक्टर मागून म्हणाले, "आठवड्याने परत या. आत्ता नुसतं तात्पुरतं भरलंय."

म्हणजे शत्रूच्या खुर्चीत पुन्हा आडवं होणं आलं.

बाजारात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्यांचे दात धड होते ते खोकलेरावांच्या बाजूने झाले, ज्यांचे नव्हते ते डॉक्टरांच्या. ज्यांचे दातही दुखत होते आणि कुलूपही अडकत होतं, ते दोन्हीकडे होकार देत फिरू लागले. घरी खोकलेराव येता जाता डॉक्टरांचा उद्धार करायचे. बायको ऐकून घ्यायची.

"तूच सांग," एकदा ते तिला म्हणाले. "तू तर होतीस तिथे."

"मी आत्याच्या पलीकडे होते," ती म्हणाली.

हेही खरं होतं. तेव्हा त्यांचं लग्न नुसतं ठरलं होतं. दोघांनी कार्यक्रमाला जायला तिच्या घरून परवानगी मिळाली, ती मध्ये तिची आत्या बसणार या अटीवर. आत्याचा देह भरदार होता आणि तिला कमी ऐकू यायचं. खोकलेरावांना त्या संध्याकाळी मखमल पूर्ण दिसला होता, होणाऱ्या बायकोचं नाकसुद्धा दिसलं नव्हतं.

जानेवारी सरता सरता मुलगी घरी आली ती चेहरा पाडून. "बाबा, एक सांगायचंय. मखमलच्या रेकॉर्डची नवी प्रत निघालीय. तीस वर्षं झाली म्हणून. खरखर वगैरे काढून स्वच्छ केलीय."

"चांगलं झालं की."

"खोकला काढलाय."

"कुठून?"

"गाण्यातून, बाबा. कपड्यावरचा डाग काढतात तसा."

तिने त्यांच्या कानाला इअरफोन लावले. ती जागा आली. मखमल थांबला. आणि मग काही नाही, अगदी काही नाही. खोकलेरावांनी ते पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. मग इअरफोन काढून मुलीच्या हातात दिले आणि न जेवता झोपले. त्यांना फार वाईट वाटलं होतं. डॉक्टरांनी खोकला चोरला तर तो निदान कुठेतरी होता. आता तो कुठेच नव्हता, आणि तो नाही म्हणजे जिन्याखाली किल्ल्या घासणारा एक माणूस तेवढा उरत होता.

दुसऱ्या दिवशी रेडिओच्या निवेदिकेचा दुकानात फोन आला. आधी खिशातून खोकला आला, मग तिचा आवाज. बाजारातलं भांडण तिच्या कानावर गेलं होतं. "काका, कंपनीने यंदापासून नवीच प्रत लावायला सांगितलंय," ती म्हणाली. "मला जुनी आवडते. अकरा तारखेला तुम्ही आणि डॉक्टर दोघंही स्टुडिओत या. तो खोकला खरोखर कोणाचा ते श्रोत्यांसमोर ठरलं, तर जुन्या प्रतीसाठी मी आमच्या साहेबांशी भांडेन. नाही ठरलं, तर साहेब म्हणतील दोघंही खोटे, आणि मग नवी ती नवी."

खोकलेरावांनी तयारी सुरू केली. सकाळी खोकायचे, दुपारी खोकायचे, रात्री झोपताना मुलीला फोनवरून ऐकवायचे. चपलांच्या दुकानदाराने जिन्यावरून डोकावून औषधाची बाटली देऊ केली. अकरा तारखेला त्यांनी बायकोलाही बरोबर चल म्हणून गळ घातली.

"मी येऊन काय करू? मला ग्रंथालय आहे."

"रजा टाक. तू साक्षीदार आहेस."

"आत्याच्या पलीकडची."

"पलीकडची तर पलीकडची. ऐकलंस तर खरं ना?"

तिने थर्मासमध्ये गरम पाणी भरलं, गोळ्यांची डबी हलवून पाहिली आणि पर्समध्ये टाकली. डबीत एकच गोळी वाजत होती.

स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकल्यासारखी एक खोली. एका बाजूला मोठी काच, तिच्यामागे बटणांपुढे बसलेला तंत्रज्ञ. फोन बाहेर ठेवून घेतले होते. टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर बसले, दुसऱ्या बाजूला खोकलेराव, मध्ये निवेदिका. बायको कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन.

लाल दिवा लागला. निवेदिकेने श्रोत्यांना सगळी हकिकत सांगितली आणि आधी डॉक्टरांना खोकायला सांगितलं. डॉक्टर खोकले. आवाज मोठा होता, पण त्यात चूळ भरल्याचा भास होता, आणि 'खुं' खोकल्याच्या आधीच येऊन गेलं.

"आता तुम्ही, काका."

खोकलेरावांनी माइककडे तोंड नेलं. घसा कोरडा ठणठणीत. तीस वर्षं ज्याला त्याला ऐकवलेला खोकला ऐन वेळी दडी मारून बसला. त्यांनी जोर लावला, तर नुसती हवा आली. कपाळावर घाम आला. काचेमागचा तंत्रज्ञ खाली मान घालून खांदे हलवू लागला.

बायकोला ते बघवेना. तिने डबीतली शेवटची गोळी काढली आणि वाकून त्यांच्या हातावर ठेवली. तिच्याकडून काही मिळालं की न बघता तोंडात टाकायची त्यांची सवय. त्यांनी टाकली. खोकला यावा म्हणून बसलेल्या माणसाने खोकल्याची गोळी खाल्ली, आणि गोळी चांगल्या कंपनीची होती. घसा असा मऊ झाला की आता जन्मात खोकला येईल असं वाटेना.

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले.

निवेदिका पुतणीच्या मायेने सांभाळून घेत म्हणाली, "हरकत नाही. आपण आधी ती जागा ऐकू. आत्ता आम्हाला नवी, स्वच्छ केलेलीच प्रत लावता येते. ती ऐकून कदाचित काकांना सूर सापडेल." तिने काचेकडे खूण केली.

मखमल गाऊ लागला. सगळे गप्प झाले. खोकलेरावांचं बोट सवयीने वर गेलं. शेवटच्या कडव्यावर आवाज थांबला, आणि ती शांतता सुरू झाली. कंपनीने घासूनपुसून लख्ख केलेली.

आणि कोणीतरी खोकलं.

आधी एक दबलेला. मग दुसरा. मग 'खुं'.

तंत्रज्ञाने दचकून बटणांकडे पाहिलं, चुकून जुनी प्रत लागली की काय म्हणून. निवेदिकेने खोकलेरावांच्या खिशाकडे पाहिलं. पण फोन तर बाहेर होता. मखमलने शेवटची ओळ म्हटली, गाणं संपलं, आणि हळूहळू सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळल्या. तिथे खोकलेरावांची बायको तोंडावर पदर दाबून बसली होती.

"वहिनी," डॉक्टर म्हणाले.

"मला शांतता सोसत नाही," ती म्हणाली. "फार गप्प झालं की घशाशी काहीतरी येतं. लहानपणापासूनचं आहे. आणि ती जागा आली की होतंच."

"मग ग्रंथालयात काय करता?"

"गोळी चघळते."

लाल दिवा लागलेलाच होता, हे सगळेच विसरले होते. खोकलेराव बायकोकडे बघत राहिले. दर अकरा फेब्रुवारीला नेमक्या वेळी सुटणारा तो नळ त्यांना आज समजला. ओले डोळे समजले, तोंड पुसणारा पदर समजला.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"मला नाही तर कोणाला असणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"रेकॉर्ड आणलीत, लावलीत, आणि ती जागा आल्यावर उडीच मारलीत. हा माझा, हा माझा. लग्नाला दोन महिने झाले होते. इतकं खूश मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं." ती थांबली. "मला वाटलं, महिनाभर मिरवाल आणि विसराल."

निवेदिकेने घसा साफ केला. "काका, श्रोते ऐकतायत. मग तो खोकला कोणाचा म्हणायचा?"

खोकलेरावांनी बायकोकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली. म्हणा तुमचाच, असं ती सांगत होती. ती सांगेल ते ती निभावेल, हे तीस वर्षांनी त्यांना वेगळं कळायची गरज नव्हती. एक शब्द बोलला की खोकला त्यांचा, डॉक्टरांचं तोंड बंद, जुनी प्रत परत. त्यांना मोह झाला, आणि चांगला झणझणीत झाला. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

"पाचवी रांग," ते माइकमध्ये म्हणाले. "मी, मग आत्या, मग ही. सर्दी माझी होती. खोकला हिचा."

काही वेळ कोणी बोललं नाही. मग कोपऱ्यातून पुन्हा एक दबलेला खोकला आला.

"मग माझा कुठला?" डॉक्टर हिरमुसून म्हणाले.

"तुमचा टाळ्यांमध्ये असेल," निवेदिका म्हणाली.

पुढचे काही दिवस खोकलेरावांनी दुकानात यंत्र एकदाही मध्येच थांबवलं नाही. किल्ल्या पटापट होऊ लागल्या आणि त्या पहिल्या झटक्यात कुलपांना लागूही लागल्या. बाजाराला त्याने चैन पडेना. घरी ते बायकोशी सरळ बोलायचे, पण नजर टाळायचे. त्यांना तिचा राग नव्हता. आपण तीस वर्षं दुसऱ्याच्या बंगल्यात पाहुणे बोलावत होतो, आणि घराची मालकीण आत चहा करत होती, याची लाज वाटत होती.

शेवटी एक गिऱ्हाईकच न राहवून म्हणालं, "खोकलेराव, ते मखमलचं सांगा ना."

खोकलेरावांचा हात बटणावर गेला. यंत्र थांबलं. "तो खोकला," ते म्हणाले, "माझ्या बायकोचा." आणि मग त्यांच्या लक्षात आलं की गोष्ट आता कितीतरी लांब झाली आहे. तिच्यात आत्या आली, नळ आला, स्टुडिओ आला, गोळी आली. खोकणारा एक माणूस होता, त्याऐवजी आता तीस वर्षं खोकला गिळणारी एक बाई होती, आणि तशी बायको बाजारात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. त्या दिवशी एका कुलपाच्या तीन किल्ल्या बिघडल्या. नाव मात्र खोकलेरावच राहिलं. जगात बायकांना नवऱ्याचं आडनाव मिळतं, त्यांना ते बायकोकडून मिळालं.

दवाखान्यातही गोष्ट बदलली. डॉक्टर आता यंत्र थांबवून सांगायचे, "तो ज्या बाईंचा खोकला, त्यांच्या यजमानांची दाढ मी भरलीय."

रेडिओच्या साहेबांनी मात्र ऐकलं नाही. निवेदिका भांडली, पण कंपनीचा करार होता. पुढच्या अकरा फेब्रुवारीला नवीच प्रत लागणार हे ठरलं.

त्या सकाळी शेजारी नेहमीसारखे जमले. बायको बाहेरच्या खोलीत, रेडिओसमोरच्या खुर्चीत बसली होती. तिथे ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती, त्यामुळे जरा अवघडून बसली होती. गोळ्यांची डबी मुलीने आधीच कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. चहा कोणीतरी करायला हवा, म्हणून खोकलेराव स्वयंपाकघरात होते.

"आजच्या दिवशी मखमलने आपला निरोप घेतला," निवेदिका म्हणाली. "प्रत नवी आहे. जुने श्रोते आपापलं समजून घेतील."

गाणं सुरू झालं. एवढ्या माणसांच्या चहाला पाणी किती लागतं याचा खोकलेरावांना अंदाज नव्हता. ते आपलं पातेलं भरत राहिले.

"अहो," बाहेरून आवाज आला, "नळ बंद करा."

त्यांनी झटकन नळ बंद केला. हात नळावरच राहिला. बाहेर शेवटचं कडवं संपत आलं होतं. मखमल थांबला. खोकलेरावांनी श्वास रोखला. नाही आला तर, असं त्यांच्या मनात आलं.

एक आला. दबलेला. मग दुसरा. खोकलेराव तसेच उभे राहिले.

मग ते 'खुं' आलं, आणि मखमलने शेवटची ओळ म्हटली. नळ त्यांनी गाणं संपल्यावरच उघडला.